लेकराच्या हाती लागेल ते आधी उचला

(आकाशवाणीच्या शेतकरी कार्यक्रमातील भाषण. वक्त्या : कृषी विस्तार अधिकारी, सोनाळा, ता. संग्रामपूर, जि. बुलडाणा)



एरवी मी तुमच्याशी बोंडअळीवर बोलते, तुरीवरच्या अळीवर बोलते, संत्र्याच्या बहारावर बोलते. आज पिकावर बोलायचे नाही. आज घरातल्या आणि वावरातल्या लेकरांविषयी बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, हे तर दवाखान्याचे काम, शेतकीवाल्या बाईला यातले काय कळते? पण शेतकऱ्याच्या घरात लेकराला अपाय करतील अशा वस्तू मोजून पाहा. फवारणीचे औषध, तणनाशक, धान्यात ठेवायच्या गोळ्या, शेततळे, बोअर, मळणी यंत्र, कडबा कुट्टी. या बहुतेक वस्तू शेतीच्याच आहेत. त्या कशा वापराव्या हे आम्ही सांगतो, तसे त्या कशा ठेवाव्या हेही सांगायला पाहिजे.

आपले सोनाळा म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. कापूस, तूर, सोयाबीन, संत्रा ही आपली पिके. पेरणीपासून वेचणीपर्यंत घरात कोणते ना कोणते औषध असतेच. गावभेटीला गेले की मी हळूच बघून घेते, बाटली कुठे आहे. कुठे खिडकीत असते, कुठे बाजेखाली, कुठे कोठ्यात ढोराच्या गव्हाणीवर टांगलेली. एखाद्या घरी तर तेलाच्या डब्याशेजारी. विचारले तर उत्तर ठरलेले असते : “लेकराला सांगून ठेवलं आहे बाई, तो हात लावत नाही.”

बंधूंनो, दोन वर्षांच्या लेकराला सांगून ठेवता येत नाही. रांगते मूल जग तोंडाने ओळखते. दिसले की उचलले, उचलले की चाटले. तीन-चार वर्षांचे पोट्टे मोठ्यांची नक्कल करते. बाप झाकणाने औषध मोजतो, म्हणून तेही मोजायला बसते. आणि लक्ष ठेवणार तरी कोण? माय चुलीपाशी नाहीतर निंदणात, आजीला कमी दिसते, मोठी बहीण शाळेत. म्हणून माझे सांगणे असे की लेकराला दटावण्यात वेळ घालवू नका. वस्तू उचला. एकदा उचललेली वस्तू रोज राखावी लागत नाही.

सगळ्यात आधी औषधाची बाटली.

औषधाच्या बाटलीपेक्षा जास्त घातक असते ती औषध भरलेली दुसरी बाटली. एका शेतकऱ्याने लिटरभर औषध आणले, शेजाऱ्याला पावशेर पाहिजे, मग ते पाण्याच्या नाहीतर सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून दिले जाते. त्या बाटलीवर नाव नाही, विषाचा त्रिकोण नाही, काहीच नाही. लेकराला मात्र ती बाटली चांगली ओळखीची. त्यातून बरीच औषधे पाण्यात पडली की दुधासारखी पांढरी होतात. बादलीत कालवलेले उरलेले औषध आणि गंजातले ताक यांत लेकराला फरक काय दिसणार? शेजाऱ्याला नाही म्हणायला जड जाते हे मला कळते. पण औषध वाटून घ्यायचेच असेल तर दोघांनी मिळून आणावे, ज्याचे वावर आधी त्याने आधी फवारावे आणि मूळ बाटलीच पुढे द्यावी.

याच्या उलट प्रकारही तितकाच वाईट. औषधाचा पाच लिटरचा डबा मजबूत असतो, फेकवत नाही. धुऊन त्यात पाणी भरतात, रॉकेल भरतात, कुणी खायचे तेलही भरते. बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन नावाचे गाव आहे. १६ जुलै २०१३ रोजी तिथल्या शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. हे नाव आपल्या कापूसवाल्यांना नवीन नाही. त्याच्या ३६ टक्के द्रावणावर केंद्र सरकारने २०२३ मध्ये बंदीचा आदेश काढला, पण एखाद्या माळ्यावर जुनी बाटली अजूनही निघू शकते. निघाली तर नाल्यात ओतू नका, कृषी सहायकाला दाखवा.

डबा रिकामा झाला की तो तीन वेळा विसळावा आणि ते पाणी पंपातच ओतावे; औषधही वाया जात नाही. मग डब्याला खिळ्याने चार-पाच भोके पाडावीत. भोक पडले की तो घरात कशाच्याच कामाचा राहत नाही, हाच त्याचा फायदा. विहीर, नाला आणि वस्ती यांपासून दूर तो खोल पुरावा. जाळू नये, त्या धुराने बाधा होते.

औषध ठेवायला कडीकुलपाची पेटी करावी. जुनी पत्र्याची ट्रंक चालते. राहत्या खोलीत नको, चुलीपाशी नको, वैरणीवर नको. मोठ्या माणसाच्या खांद्याच्या वर भिंतीला पक्की बसवावी आणि किल्ली एकाच माणसाकडे असावी. मोजायचे झाकण, ढवळायची काडी आणि हातमोजेही त्याच पेटीत ठेवावे. पेरणीतून उरलेले औषध लावलेले बियाणेसुद्धा त्यातच. ते लाल-गुलाबी दिसते, लेकराला गोळ्यांसारखे वाटते. असे बियाणे दळायचे नाही आणि कोंबड्यांनाही घालायचे नाही.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-मजूर गेले, शेकडो आजारी पडले. उंच वाढलेली पऱ्हाटी, दमट उकाडा, उघडे अंग. त्यानंतर मोठ्या माणसांच्या तोंडावरच्या फडक्याविषयी बरेच बोलले गेले. मी त्यात एवढेच जोडते की फवारून आलेल्या बापाच्या सदऱ्यालाही औषध असते. लेकरू धावत येऊन पायाला मिठी मारते. म्हणून आधी अंगणातच कपडे उतरवा, साबणाने आंघोळ करा, मग लेकराला घ्या. ते कपडे वेगळे धुवा. फवारणी चालू असताना पाणी आणून द्यायला पोराला वावरात बोलावू नका, आणि अठरा वर्षांच्या आतल्या मुलाच्या पाठीवर पंप देऊ नका. तो कितीही धिप्पाड दिसो.

धान्यातल्या गोळ्यांविषयी थोडे कडक बोलते. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळीला हवेतला ओलावा लागला की विषारी वायू सुटतो. तो हवेपेक्षा किंचित जड असतो. खोलीत गव्हाची पोती, पोत्यात गोळ्या आणि त्याच खोलीत जमिनीवर अंथरूण घालून निजलेली लेकरे, हा प्रकार जीवघेणा आहे. या विषावर उतारा नाही. ही गोळी घरात वापरण्यासाठी नाहीच. घरचे धान्य कडक उन्हात वाळवा, कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला, पत्र्याच्या कोठीत घट्ट झाका. थोडे किडले तर किडू द्या. उंदराचे औषध भज्यात किंवा पिठाच्या गोळीत घालून घरभर ठेवतात, तेही बंद करा. पिंजरा लावा. ट्यूबमधले उंदीर मारायचे मलम दात घासायच्या पेस्टसारखे दिसते. ते पोटात गेल्यावर लेकरू एक-दोन दिवस बरे वाटते आणि मग यकृत निकामी होते. बरे वाटते म्हणून घरी थांबू नका.

विष पोटात गेले तर काय करावे? मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका, दूध-तूप पाजू नका. ओकताना विष छातीत उतरते. अंगावर सांडले असेल तर कपडे काढून साबण-पाण्याने भरपूर धुवा. लेकराला कुशीवर निजवा. औषधाची मूळ बाटली किंवा लेबल सोबत घ्या आणि निघा. लाळ गळणे, घाम सुटणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, धाप लागणे ही फवारणीच्या पुष्कळ औषधांची लक्षणे आहेत, पण ती दिसायची वाट पाहू नका. डॉक्टरला औषधाचे नाव कळले की इलाज लवकर सुरू होतो. मूळ बाटलीचा हट्ट मी धरते तो यासाठीही.

आता पाणी. जुन्या विहिरींना काठ नाही आणि नव्या शेततळ्यांना कुंपण नाही. शेततळे दिसायला उथळ वाटते, पण त्याचे प्लास्टिक ओले झाले की पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा त्या उतारावरून वर येऊ शकत नाही, मग दहा वर्षांच्या पोराचे काय? चारही बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर काठाच्या खुंटाला बांधून पाण्यापर्यंत सोडून ठेवा. ट्रॅक्टरच्या चाकाची एक फुगवलेली ट्यूब तरंगत ठेवा. तारेचे कुंपण करा, फाटकाला कुलूप लावा. कोणी पडले तर मागून उडी टाकू नका, दोर फेका, रिकामा कॅन फेका. बाहेर काढलेल्या लेकराला उलटे धरून गरगर फिरवायची जुनी रीत सोडा, त्यात वेळ जातो. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या, छाती दाबत राहा आणि १०८ ला फोन लावा.

बोअर कोरडे गेले की पाइप काढून नेतात आणि भोक तसेच राहते. मार्च २०२३ मध्ये नगर जिल्ह्यातल्या कोपर्डी इथे ऊसतोडीला आलेल्या कुटुंबाचा पाच वर्षांचा मुलगा अशाच बोअरमध्ये पडला आणि वाचला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच नियम घालून दिले आहेत. बोअर घेण्याच्या १५ दिवस आधी लेखी कळवायचे, केसिंगभोवती जमिनीच्या वर फूटभर आणि खाली फूटभर सिमेंटचा ओटा करायचा, तोंडावर लोखंडी झाकण पक्के बसवायचे. बंद पडलेले बोअर माती, रेती, दगडांनी भरून टाकायचे. गोणपाट किंवा चपटा दगड ठेवणे म्हणजे बंद करणे नव्हे. उलट खाली भोक आहे हे लपते.

कोपर्डीचे ते लेकरू बाहेरगावचे होते, हे ध्यानात घ्या. आपल्याकडेही डोंगरातल्या वाड्यांमधून बाया कापूस वेचायला येतात, सोबत लहान मुले असतात. तुमच्या पोराला विहीर कुठे, बोअर कुठे हे ठाऊक असते. त्यांना नसते. सकाळी मजूर आले की आधी त्या मायला वावर दाखवा, आणि धुऱ्यावरच्या झाडाला झोळी बांधायला दोर द्या. कोण काय म्हणेल याचा विचार करू नका, वावर तुमचे आहे.

जंगल जवळ असल्याने रानडुकरांचा त्रास आहे, मला मान्य आहे. पण कुंपणाच्या तारेत घरच्या लाईनचा करंट सोडणे हा गुन्हा आहे आणि ती तार डुक्कर आणि लेकरू ओळखत नाही. खरे झटका मशीन बॅटरीवर चालते आणि क्षणभर झटका देऊन थांबते. तेच घ्या.

यंत्राचे थोडक्यात सांगते. मळणीच्या जागी लेकरू नको. मुलीची ओढणी, मोकळे केस पट्ट्यात जातात. कडबा कुट्टीचे चाक काम झाल्यावर साखळीने बांधून कुलूप लावा. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर लाडाने बसवू नका. ट्रॅक्टर मागे घेताना उतरून चाकामागे पाहा, मगच मागे घ्या. कापूस घरात भरला की पोट्टे त्या ढिगावर उड्या मारतात. त्या खोलीत दिवा, उदबत्ती, विडी काहीच नको, आणि दाराला कडी हवी.

भाजल्यावर हळद, शाई, टूथपेस्ट लावू नका. साधे थंड पाणी वीस मिनिटे ओता, स्वच्छ फडक्याने झाका, दवाखान्यात न्या. पावसाळ्यात लेकरांना जमिनीवर निजवू नका. बाज आणि खोचलेली मच्छरदाणी यांनी मण्यार दूर राहते. तिचा चावा झोपेत कळतही नाही. पहाटे लेकरू पोट दुखते म्हणाले आणि पापण्या मिटू लागल्या तर मांत्रिकाकडे नाही, सरळ सरकारी दवाखान्यात. कापणे, करकचून बांधणे नको. उचलून न्या, चालवू नका.

आता शेवटचे काम, ते आजच संध्याकाळी करा. औषधाच्या पेटीच्या झाकणावर आतून दोन नंबर खडूने नाही, रंगाने लिहा. एक १०८, रुग्णवाहिकेचा. दुसरा १८०० ११६ ११७, दिल्लीच्या एम्समधल्या विष माहिती केंद्राचा. हा फोन फुकट लागतो, रात्रीही लागतो. ज्याला वाचता येते त्याच्याकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या, म्हणजे आकडा चुकला असेल तर कळेल.

रामराम.