पहिला मान बॅबेज यांचा



गणित आणि संगणक यांच्या या परिषदेत इंग्लंडचे गणिती चार्ल्स बॅबेज यांचे नाव निघणार, आणि ते निघाले की एक आक्षेपही निघतो: ज्यांचे एकही मोठे यंत्र हयातीत पुरे झाले नाही, त्यांना पहिला मान का द्यायचा? आक्षेप पोकळ नाही. ब्रिटिश सरकारने त्यांच्या ‘डिफरन्स इंजिन’वर १७ हजारांहून अधिक पौंड खर्चले आणि १८४२ मध्ये हात आखडता घेतला. पण अपुरे राहिले म्हणजे अशक्य होते, असे होत नाही. स्वीडनच्या शॉइट्झ पितापुत्रांनी त्याच तत्त्वावरचे यंत्र १८५३ मध्ये पुरे केले. लंडनच्या सायन्स म्युझियमने बॅबेज यांच्या आराखड्यांवरून, त्यांच्या काळच्या कारागिरीला झेपेल एवढाच काटेकोरपणा राखून, दुसरे डिफरन्स इंजिन बांधले. १९९१ मध्ये त्याने बिनचूक उत्तरे दिली. त्यातली हातच्याची रचना निरखून पाहावी. चाक ९ वरून ० वर गेले की एक कळ सरकते, ती फक्त खूण. बेरीज उरकल्यावर फिरत्या दांड्याचे हात खालून वर एकेक खूण तपासतात आणि हातचा पुढच्या चाकात मिळवतात. ९९९९ मध्ये १ मिळवला तरी यंत्र अडत नाही.

तरीही हे बेरजेचेच यंत्र. खरी झेप १८३४ पासून आकाराला आलेल्या ‘ॲनालिटिकल इंजिन’ची. संख्यांचे कोठार वेगळे, आकडेमोडीची ‘मिल’ वेगळी आणि आज्ञा जॅकार्डच्या मागासारख्या छिद्रांच्या पत्त्यांवर. पत्ते बदलले की तेच यंत्र दुसरे गणित सोडवणार. मधले उत्तर पाहून पुढची पायरी बदलण्याचीही सोय होती. एडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये बर्नूली संख्या काढण्याची रीत मांडली ती याच यंत्रासाठी.

यावर कोणी म्हणेल, विसाव्या शतकातले संगणक बॅबेज यांच्याकडून आलेच नाहीत. हार्वर्डचे हॉवर्ड एकन यांना त्यांचे काम ठाऊक होते, पण बहुतेकांबाबत हे खरे आहे. मला मात्र यातच बॅबेज यांची थोरवी दिसते. जर्मनीत कॉनराड झ्यूस यांनी बॅबेज ठाऊक नसताना यंत्र बांधले, तेव्हा त्यांनीही स्मृती आणि आकडेमोड वेगळी ठेवली, आज्ञा छिद्रांच्या फिल्मवर दिल्या. शंभर वर्षांनी दुसऱ्या देशात, दुसऱ्या वाटेने तीच रचना हाती लागते, तेव्हा ती एका माणसाची लहर उरत नाही. म्हणून येथील चर्चेत बांधलेल्या यंत्रांइतकेच आराखडेही बारकाईने वाचले जावेत, एवढी विनंती करून सभेची सूत्रे अध्यक्षांकडे सोपवतो.