उत्तरेचा वारा

डिसेंबरचा तिसरा आठवडा सरू लागला म्हणजे रायपूरच्या रेल्वे स्थानकाचे रूप पालटते. एरवी या फलाटांवर नोकरीधंद्यासाठी ये-जा करणाऱ्यांची वर्दळ असते. परंतु या दिवसांत तेथे लोकरी टोप्या घातलेली मुले, फुगलेल्या बॅगा आणि फराळाचे डबे यांचे राज्य सुरू होते. कोरब्याहून निघालेली छत्तीसगड एक्सप्रेस बिलासपूर, रायपूर, नागपूर, भोपाळ, दिल्ली असा मोठा वळसा घेत अमृतसरला जाते. तिच्या डब्यांतून कोणी मनालीला निघालेला असतो, कोणी काश्मीरला. या मंडळींत मराठी कुटुंबेही असतात. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला, बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिले आणि त्या काळापासून मराठी घरे या मुलखात रुजत गेली. आता त्या घरांतील नातवंडांना बर्फ पाहायचे असते. सुट्या मोजक्या, तिकिटे महिनोन् महिने आधी काढलेली, आणि घरातील प्रत्येकाच्या मनात एकच चिंता: या वेळी बर्फ मिळेल ना?

निघण्याच्या आदल्या दिवशी असा प्रवासी आकाशाकडे पाहतो. आठवडाभर पडलेली कडाक्याची थंडी एकाएकी ओसरलेली असते. आकाशात पातळ ढग पसरलेले असतात आणि पहाटे पांघरूणही नकोसे वाटते. घरातील वडीलधारी माणसे समाधानाने म्हणतात, "बरे झाले, थंडी कमी झाली. प्रवास सुखाचा होईल." वरवर पाहता हा तर्क बिनतोड वाटतो. वस्तुस्थिती मात्र बहुधा याच्या नेमकी उलट असते. रायपुरात हिवाळ्याच्या भर मध्यावर अशी अवेळी ऊब जाणवू लागते, तेव्हा पुष्कळदा हिमालयात वादळ दाखल झालेले असते.

हे कोडे उलगडण्यासाठी दृष्टी बरीच दूर, भूमध्य समुद्राकडे न्यावी लागते. हिवाळ्यात त्या समुद्राच्या आणि कास्पियनच्या परिसरात कमी दाबाची क्षेत्रे जन्म घेतात. जमिनीपासून ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक प्रचंड वेगवान प्रवाह वाहत असतो. त्या प्रवाहाबरोबर ही क्षेत्रे इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून भारताच्या वायव्य सीमेवर येतात. मराठी वृत्तपत्रे त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. रायपूरचा हिंदी वाचक त्यांनाच पश्चिमी विक्षोभ या नावाने ओळखतो. हिवाळ्याच्या महिन्यांत ती एकामागून एक येत राहतात. वाटेत अरबी समुद्रावरील बाष्प मिळाले की त्यांचे बळ वाढते, आणि पुढे हिमालयाची भिंत आडवी आली की हवा वर चढते, थंड होते व बर्फ होऊन कोसळते. उंच खिंडींतून त्याच वेळी जोराचे वारे घोंगावू लागतात.

असा झंझावात उत्तरेत असतो तेव्हा मध्य भारतावर येणारा कोरडा उत्तरेचा वारा मंदावतो. त्याच्या जागी बंगालच्या उपसागराकडून दमट हवा छत्तीसगडात शिरते. ढग रात्री जमिनीची उष्णता धरून ठेवतात आणि पारा वर चढतो. झंझावात पूर्वेकडे सरकला की मार्ग मोकळा होतो, नव्या बर्फावरून आलेली थंड, कोरडी हवा दक्षिणेकडे उतरते आणि एक-दोन दिवसांत सरगुजातील मैनपाटाच्या पठारावर व मैकल रांगेतील चिल्फीच्या घाटात गवतावरचे दहिवर गोठून पांढरे होते. म्हणजे रायपूरकर कुडकुडू लागतो तेव्हा पर्वतावरील आकाश बहुधा निवळलेले असते, आणि तो निश्चिंत होतो तेव्हा तेथे संकट उभे असते. हा काही अटळ नियम नव्हे. पण केवळ अंगणातील हवेवरून दूरच्या प्रवासाचा कौल घेणे किती फसवे आहे, हे त्यावरून कळते.

या अज्ञानाची किंमत काय असते, ते २०२४ सालच्या डिसेंबरअखेर दिसून आले. नाताळ उलटून नववर्षाची गर्दी पर्वतात जमत असतानाच २७ डिसेंबरला एका जोरदार झंझावाताने काश्मीर व हिमाचल प्रदेश झाकून टाकला. मनालीजवळच्या सोलंग नाल्यात सुमारे १,००० वाहने आणि सुमारे ५,००० पर्यटक अडकले. कुलूच्या पोलिसांनी त्यांना सुखरूप बाहेर काढले. श्रीनगरची विमाने रद्द झाली, जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडला. त्याच वादळाने दिल्लीत २८ डिसेंबरच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ४१.२ मिलिमीटर पाऊस पाडला. डिसेंबर महिन्यात एका दिवसात इतका पाऊस तेथे १०१ वर्षांत झाला नव्हता.

अडकलेल्यांपैकी बहुतेकांचा अपराध फार मोठा नव्हता. त्यांनी घाई केली होती, एवढेच. ठरलेल्या तारखेला बर्फ पाहायचे, ठरलेल्या तारखेला परत निघायचे, हा त्यांचा हिशेब होता. परंतु बर्फाच्या रस्त्यावर घाईसारखा शत्रू नाही. दिवसा वितळलेले पाणी संध्याकाळी गोठते आणि काचेसारखा थर रस्त्यावर चढतो. त्यावर गाडीचे चाक एकदा घसरले की ब्रेक दाबून काही उपयोग होत नाही, उलट घसरण वाढतेच. एक गाडी आडवी झाली की मागच्या शेकडो गाड्या थांबतात, आणि बर्फ हटवणारी यंत्रेही त्या रांगेपलीकडे पोहोचू शकत नाहीत.

याहून भीषण घटना जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी घडली. बर्फ पाहण्यासाठी लोटलेल्या गर्दीला ७ जानेवारीच्या रात्री हिमवादळाने रस्त्यातच गाठले आणि वीसहून अधिक माणसे आपापल्या मोटारींतच मरण पावली. त्यांतील अनेकांचा घात केवळ थंडीने केला नव्हता. ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवले, काचा बंद केल्या; बर्फाने धूर बाहेर टाकणारी नळी बुजली आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत साचत गेला. या वायूला रंग नाही, वास नाही; माणूस झोपी जातो तो उठतच नाही. म्हणून बर्फात अडकलेल्या गाडीत ती नळी वारंवार मोकळी करावी, इंजिन थोडा वेळच चालवावे आणि एक काच किंचित उघडी ठेवावी, एवढे ज्ञान पर्वतात जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाजवळ असले पाहिजे.

वादळात माणुसकीचेही दर्शन घडते. २०२४ च्या त्याच डिसेंबरात काश्मीरमधील गुंड या गावी पंजाबचे काही पर्यटक हिमवर्षावात अडकले. जवळपास आसरा नव्हता. तेव्हा गावकऱ्यांनी आपल्या जामा मशिदीची दारे त्यांच्यासाठी उघडली आणि ती रात्र त्या पाहुण्यांनी तेथे उबेत काढली. पर्वतातील माणूस वादळाला ओळखतो. वादळात अडकलेला माणूस कोठून आला, हे विचारण्याची वेळ ती नव्हे, हेही तो जाणतो.

वादळ निवळले तरी रायपूरच्या प्रवाशाची परीक्षा संपत नाही. पावसाने भिजलेली उत्तरेची सपाट भूमी, वर निरभ्र आकाश आणि पडलेला वारा ही तिन्ही एकत्र आली की रात्री दाट धुके धरते. पूर्वापार पद्धत अशी, की सिग्नलच्या २७० मीटर अलीकडे रेल्वेचा माणूस रुळावर फटाके बसवतो. चाकाखाली त्यांचा स्फोट झाला की सिग्नल जवळ आल्याचे चालकाला समजते. अलीकडे इंजिनात उपग्रहाच्या साहाय्याने चालणारे यंत्र असते आणि पुढील सिग्नलची सूचना ते आधीच देते. तरीही धुक्यात गाडी हळूच हाकावी लागते. दिल्लीकडून येणारी गाडी मग रायपूरला कित्येक तास उशिरा पोहोचते. फलाटावर वाट पाहणारा मनुष्य रेल्वेला दोष देत असतो. त्या उशिराचे मूळ भूमध्य समुद्रावर आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते.

आणि या झंझावातांना केवळ शत्रू तरी कसे म्हणावे? हिमालयावर त्यांनी साठवलेले बर्फ उन्हाळ्यात वितळून नद्यांना पाणी पुरवते. त्यांच्या हलक्या पावसावर पंजाब-हरियाणाचा गहू पोसतो. त्यांच्यामुळेच छत्तीसगडावर कधी अवकाळी सरी येतात, आणि खरेदी केंद्रांवर उघड्यावर रचलेल्या धानाच्या राशी ताडपत्र्यांखाली झाकताना माणसांची तारांबळ उडते, हेही खरे. वारा एकच, कोणाला तो धान्य देतो, कोणाची वाट अडवतो.

सुटीची तारीख माणूस ठरवतो; वादळाची तारीख त्याच्या हाती नाही. मात्र आजच्या प्रवाशापाशी एक साधन आहे, जे त्याच्या आजोबांपाशी नव्हते. १८७५ साली स्थापन झालेला भारतीय हवामान विभाग आता येणाऱ्या झंझावाताची सूचना काही दिवस आधी देतो. पिवळा रंग सावध राहण्याचा, नारिंगी सज्ज होण्याचा आणि लाल तत्काळ कृती करण्याचा. तिकीट काढताना जेवढा विचार होतो, त्याच्या दशांशानेही विचार या तीन रंगांचा होत नाही. परतीसाठी एखादा दिवस मोकळा ठेवावा, आणि लाल रंग दिसला तर खिंडीच्या अलीकडेच मुक्काम करावा. एवढ्याने प्रवासाची शोभा मुळीच कमी होत नाही.

रायपूरच्या फलाटावर पुन्हा एखादे कुटुंब उभे असेल. ऊबदार सकाळ पाहून आजी म्हणेल, थंडी ओसरली. तेव्हा घरातील कोणी तरी आदराने म्हणावे, "आजी, इथली थंडी ओसरली आहे; तिथली आत्ताच सुरू झाली असेल. आधी तिथली बातमी घेऊ." प्रवास एक दिवसाने लांबेल. बर्फ तर त्यानंतरही असेलच. ते पाहणारी माणसे सुखरूप असली पाहिजेत.