मायनस ०.०४

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वीसेक वर्षं कारखान्यांच्या प्रशिक्षण विभागात नोकरी केल्यावर, पंचेचाळिशीत, मी शिक्षणशास्त्रात एम.ए. केलं. त्यासाठी जो लघुप्रबंध लिहिला त्याचा विषय होता ‘कामाच्या ठिकाणचं शिक्षण आणि तंत्रज्ञान’. आज बोलायला उभी आहे ती त्या लघुप्रबंधात काय होतं हे सांगायला नाही. त्यात काय राहून गेलं, ते सांगायचं आहे. कारण जे राहून गेलं ते आज तुमच्या-माझ्या घरातल्या प्रत्येक नोकरदार माणसाच्या वाट्याला येतंय. बँकेत असो, शाळेत असो, आरोग्य केंद्रात असो, मोबाइलवर एक ‘मॉड्यूल’ येतं, ते ‘पूर्ण’ करायचं असतं, आणि पूर्ण केलं की प्रमाणपत्र येतं.

लघुप्रबंधासाठीचा माझा प्रयोग भोसरीच्या एका कारखान्यात झाला. गाड्यांचे सुटे भाग करणारा मध्यम आकाराचा कारखाना. सीएनसी टर्निंग सेंटरची एक लाईन, आणि तिच्यावर दर सहा महिन्यांनी नवी पोरं. कुणी बीडचं, कुणी लातूरचं, कुणी बिहारहून आलेलं. आयटीआय झालेली, हुशार, पण खऱ्या मशिनसमोर पहिल्यांदाच उभी राहिलेली. त्यांना शिकवणारा माणूस एकच, लाईनचा जुना सेटर, म्हणजे कामासाठी मशिन लावून देणारा. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांना तीन शिफ्टमध्ये एकाच वेळी उभं राहता येत नाही, ही व्यवस्थापनाची अडचण. तेव्हा मामांना येतं ते चित्रफितीत भरायचं, मशिनशेजारी टॅब लावायचा, क्यूआर कोड स्कॅन केला की चित्रफीत सुरू होईल, शेवटी पाच प्रश्न. कुणी काय पाहिलं, किती वेळ पाहिलं, किती गुण मिळाले, सगळं आपोआप नोंदलं जाईल. अशा बारा चित्रफिती मी केल्या, आणि फार मन लावून केल्या.

दोन गोष्टी मी केल्या, त्या सांगते. पहिली, भाषा शुद्ध केली. मामा म्हणायचे ‘टूल’, मी निवेदनात लिहिलं ‘कर्तन हत्यार’. मामा म्हणायचे ‘जॉब चढव’, मी लिहिलं ‘कार्यवस्तू पकडीत बसवा’. मराठीची सेवा करतेय असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं. त्या लाईनवर मराठीच बोलली जात होती, आणि ती तिन्ही पाळ्यांत मशिनशी झुंजत होती. तिला बाजूला सारून मी दुसरीच कुठली तरी आणली.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. मशिनचा आवाज फार येत होता म्हणून चित्रीकरणानंतर तो काढून टाकला. खाली मंद संगीत, वर निवेदन. पुढे एकदा मामांच्या शेजारी उभी होते. ते माझ्याशी बोलत होते, मशिनकडे त्यांची पाठ होती. बोलता बोलता थांबले, वळले, मशिन थांबवलं, इन्सर्ट काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. कार्बाइडचा तो छोटासा तुकडा, नखाएवढा. त्याची कड झिजली होती. नुसत्या डोळ्यांना मला ती नीट दिसलीही नाही. ‘आवाज फाटला होता, मॅडम,’ ते म्हणाले. जे ऐकायला शिकायचं होतं तेच मी गोंगाट समजून पुसून टाकलं होतं.

तरीही आकडे उत्तम आले. सगळ्यांनी सगळ्या चित्रफिती पूर्ण केल्या, प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली, ‘आवडलं का?’ या रकान्यात हो लिहिलं. मी तक्ते काढले, आलेख काढले, निष्कर्ष लिहिला. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजायच्या चार पातळ्या मांडल्या. शिकणाऱ्याला कसं वाटलं, तो काय शिकला, कामावर त्याचं वागणं बदललं का, आणि त्याचा परिणाम संस्थेच्या कामात दिसला का. मी त्यांचा उल्लेख पहिल्याच प्रकरणात केला होता. मोजलं मात्र पहिल्या दोन पातळ्यांपुरतं, कारण यंत्रणेत तेवढंच आपोआप मोजलं जात होतं.

लघुप्रबंध सादर होऊन चार महिने झाले असतील. टॅबचा करार वाढवायचा का, यासाठी कारखान्यानं मला परत बोलावलं. मी लाईनवर उभी असताना बीड जिल्ह्यातला एक मुलगा बोअरिंग करत होता. भोक हवं होतं पंचवीस मिलिमीटरचं, बोअर गेजवर आलं २४.९६. चार शतांश कमी. आता टूलचा ऑफसेट, म्हणजे टूल किती सरकवायचं तो आकडा, बदलायचा. त्यानं पडद्यावर टाकलं मायनस ०.०४. पुढचा जॉब काढला, मोजला. २४.९२. त्यानं परत मोजला. मग माझ्याकडे पाहिलं, कारण चित्रफितीत दिसणारे हात माझेच होते.

तुमच्यातले अनेकजण या धंद्यातले नाहीत, म्हणून थोडं थांबून सांगते. टर्निंग सेंटरवर जॉब गरगर फिरतो आणि टूल त्याला कापतं. बाहेरचा व्यास कापताना टूल बाहेरून येतं. व्यास जास्त आला तर टूल मध्यरेषेच्या जवळ न्यायचं, म्हणजे मायनस. भोक मोठं करताना टूल आत असतं. भोक लहान आलं तर टूल मध्यरेषेपासून लांब सरकवायचं, म्हणजे प्लस. माझी चित्रफीत बाहेरच्या व्यासाची होती. तिच्यात ठळक अक्षरांत ‘फरक मायनस करा’ असं लिहिलं होतं. मुलानं ते वाक्य पाठ केलं होतं, परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी गुण होते, आणि पाठ केलं तसंच त्यानं केलं. भोक लहानच होतं म्हणून जॉब वाचला, पुन्हा कापता आला. मोठं झालं असतं तर भंगारात गेला असता.

मामा आले. ओरडले नाहीत. खिशातून खडू काढला आणि त्याच्या हातात दिला. ‘मध्यरेषा काढ.’ मुलानं लादीवर रेघ ओढली. ‘जॉब काढ.’ काढला. ‘आता टूल कुठाय?’ मुलगा थबकला. त्यानं टूल बाहेर काढलं, पुसलं, आत काढलं. ‘भोक मोठं व्हायला कुठं सरकवायचं?’ मुलानं खडूनं बाण काढला, रेघेपासून लांब, आणि बाण पूर्ण व्हायच्या आत त्याच्या तोंडून निघालं, ‘प्लस.’ ‘आता बाहेरून कापायचं असलं तर?’ त्याचंही चित्र काढायला लावलं. मग म्हणाले, ‘आता मला समजावून सांग, मी नवीन आलोय.’ पोरगं समजावू लागलं. हे सगळं पाच-सहा मिनिटांत झालं. माझ्या चित्रफितीला जेवढा वेळ लागतो, त्याहून थोडा अधिक.

घरी येऊन मी माझ्याच संदर्भांचं बाड उघडलं. त्यात अमेरिकेतल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या योजनेवर एक टिपण होतं. १९४० ते १९४५ ही योजना चालली. युद्धाचं उत्पादन वाढवायचं होतं, जाणते कामगार सैन्यात गेले होते, कारखान्यांत लाखो नवखी माणसं येत होती. तेव्हा या योजनेत सुपरवायझरांना शिकवायला शिकवलं. दोन-दोन तासांच्या पाच बैठका, दहा माणसांचा गट, आणि शेवटी हातात खिशात मावेल असं एक कार्ड. त्यावर चार पायऱ्या. शिकणाऱ्याची तयारी करून घ्या. काम करून दाखवा. त्याला करायला लावा, आणि करता करता का करतोय ते त्याच्या तोंडून वदवून घ्या. मग त्याला कामावर सोडा, पण अधूनमधून जाऊन बघा. युद्धानंतर हीच पद्धत जपानला गेली आणि तिथल्या कारखान्यांनी ती आजवर सांभाळली.

या चार पायऱ्या लघुप्रबंधात मी अर्ध्या पानात इतिहास म्हणून उरकल्या होत्या. त्या संध्याकाळी त्या कार्डासमोर माझ्या बारा चित्रफिती ठेवून पाहिल्या. बाराच्या बारा दुसऱ्या पायरीवर होत्या. दाखवणं, फक्त दाखवणं. ते मी उत्तम केलं होतं, मामांपेक्षाही उत्तम, कारण चित्रफीत कंटाळत नाही आणि रात्री दोन वाजताही तितक्याच शांतपणे दाखवते. पण नोंद ठेवणारी यंत्रणा दुसरी पायरी चढली की ‘पूर्ण’ असं लिहीत होती. आणि त्या एका शब्दावर व्यवस्थापनानं ठरवलं होतं की मामांनी आता प्रत्येक नव्या पोरापाशी उभं राहायची गरज नाही. लाईनवर तिसरी आणि चौथी पायरी गळून पडली होती, आणि त्या गळायला माझा लघुप्रबंध कारण झाला होता. याचं मला अजून वाईट वाटतं.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात बोलत नाही. तंत्रज्ञान आलं तरी शिकवणारा टिकला, याचं आपल्या मातीतलं उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटन शिकवत. १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली, आणि तिथं खेड्यापाड्यातून आलेल्या माणसांच्या हातून यंत्रं घडवली. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये तिथून ‘किर्लोस्कर खबर’ काढली. पुढे ते महाराष्ट्राचं एक मोठं मासिक झालं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण आरंभी ते कारखान्याचं पत्र होतं. कारखान्यात काय चाललंय, नांगर कसा वापरायचा, हे माणसांपर्यंत पोचवणारं छापखान्याचं तंत्र. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की छापखाना आला म्हणून शिकवणाऱ्याला कुणी घरी पाठवलं नाही.

आणखी एक उदाहरण मला पुष्कळ आधार देऊन गेलं. ज्युलियन ऑर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं अमेरिकेत झेरॉक्सच्या दुरुस्ती कारागिरांबरोबर राहून अभ्यास केला, त्यावरचं त्याचं पुस्तक १९९६ साली आलं. कारागिरांना कंपनीनं जाडजूड पुस्तिका दिल्या होत्या, अमुक बिघाड असेल तर तमुक तपासा अशा. त्यानं पाहिलं की अवघड बिघाड आला की ही माणसं एकमेकांना गोष्टी सांगतात. न्याहारीला जमतात, ‘मागे त्या ऑफिसातल्या मशिननं मला असंच छळलं होतं’ इथून सुरू होतं, आणि गोष्टीगोष्टीतून बिघाड सापडतो. पुढे कंपनीनं ‘युरेका’ नावाची प्रणाली केली. तिच्यात कारागीरच आपली युक्ती लिहीत, इतर कारागीर ती तपासत, आणि मान्य झाली की लिहिणाऱ्याच्या नावानिशी ती सगळीकडे जाई. नाव राहावं, हे त्या माणसांसाठी मोलाचं होतं. माझ्या बारा चित्रफितींत मामांचं नाव कुठेच नव्हतं. ज्ञान त्यांचं, हात माझे, आवाज भाड्यानं आणलेल्या निवेदकाचा.

मग आम्ही काय केलं, तेवढं सांगते. कारखान्यानं मला आणखी काही महिने दिले, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. कर्तन हत्यार गेलं, टूल आलं. मशिनचा आवाज परत आला. एका चित्रफितीत तर फक्त आवाजच आहे, आधी चांगल्या इन्सर्टचा, मग झिजलेल्याचा, आणि पोरांनी ओळखायचं. पहिल्याच आठवड्यात मुलं आपापसात वाद घालू लागली की तिसरा आवाज झिजलेल्याचा की चकमध्ये, म्हणजे पकडीत, जॉब सैल असल्याचा. त्या वादासाठी मी एक अख्खी परीक्षा सोडून द्यायला तयार आहे. लाईनवर स्वतःचा मोबाइल न्यायला बंदी, तेव्हा टॅबवरच एक सोय केली. शिफ्ट संपताना ज्याचं काही अडलं होतं त्यानं दीड मिनिटात बोलून ठेवायचं, आपल्या बोलीत, आपल्या नावानं. बिहारचा मुलगा हिंदीत बोलतो, तेही राहू दिलं. बीडच्या त्या मुलानं पहिलीच नोंद केली ती मायनस आणि प्लसची. त्यात तो म्हणतो, ‘टूल आत हाय का भाईर, ते आदी बगायचं.’ त्या विषयावर मी लिहिलेल्या दोन पानांपेक्षा हे वाक्य लाईनवर जास्त चालतं.

आणि परीक्षेचे पाच प्रश्न काढून टाकले. बोअरिंगच्या चित्रफितीत आता मामा स्वतः दिसतात. गेजवर २४.९६ दिसतं, मामा विचारतात, ‘टूल कुठं सरकवायचं? काढून दाखव,’ आणि चित्र तिथंच थांबतं. उत्तर टॅबमध्ये नाही. टॅबशेजारी एक काळी पाटी आणि खडूचा डबा ठेवलाय. मुलानं चित्र काढायचं, आणि लाईनवरच्या कुणीतरी, ज्याला ते येतं अशा माणसानं, ऐकून घेऊन खाली सही करायची. सही झाली की मगच नोंद होते.

दिवसपाळीला हे चांगलं चालतं. दुसऱ्या पाळीलाही. रात्रपाळीला मात्र लाईनवर बहुतेक नवीच पोरं असतात, आणि ऐकून घ्यायला जाणतं असं कुणी नसतं. तिथं पाटीवर चित्र काढलेलं असतं आणि सहीची जागा सकाळपर्यंत कोरी राहते. सकाळी सहाला मामा आले की चहाच्या आधी त्या पाटीपाशी जातात. पण तोवर रात्रभराचे जॉब निघून गेलेले असतात. रात्रपाळीला एक अनुभवी माणूस जादा ठेवा, असं मी कारखान्याला लिहून दिलंय. त्याचा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा, यावर अजून चर्चा चालू आहे. पुढच्या महिन्यात मला परत बोलावलंय, तेव्हा मी ती कोरी राहिलेली पाटीच बैठकीत घेऊन जाणार आहे.