जुनी दोषसिद्धी आणि लष्करी अधिकारीपद

(स्पर्धा परीक्षार्थींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेची तयारी करणारा एक विद्यार्थी मला भेटावयास आला. दोन वर्षांपूर्वी मद्यपान करून मोटारसायकल चालविताना तो पकडला गेला होता. न्यायालयात गुन्हा कबूल करून त्याने दंड भरला होता. ‘‘सर, आता लष्करात अधिकारी होण्याची आशा सोडावी का?’’ त्याने विचारले आणि क्षणभराने म्हणाला, ‘‘की हे अर्जात लिहूच नये?’’ पहिल्या प्रश्नापेक्षा दुसऱ्याने मला अधिक अस्वस्थ केले.

प्रथम कायदा पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वाहतुकीच्या अनेक किरकोळ चुका जागेवर दंड भरून मिटतात; हे प्रकरण मात्र न्यायालयात जाते. तेथे गुन्हा कबूल करून दंड भरणे ही दोषसिद्धीच होय. ‘पावती फाडली, विषय संपला’ हा समज भ्रामक आहे.

लेखी परीक्षा, सेवा निवड मंडळाची मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी यांच्या जोडीला उमेदवाराच्या पूर्ववृत्ताचीही पडताळणी होते. अटक, खटला, दंड, दोषसिद्धी यांविषयी पडताळणी अर्जात स्पष्ट प्रश्न असतात. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये शासकीय सेवेसंदर्भात याबाबतची तत्त्वे एकत्र मांडली. दिलेली माहिती सत्य असली पाहिजे. गुन्हा क्षुल्लक असेल, तर ती दडविल्याची चूकही नियोक्ता स्वविवेकाने दुर्लक्षित करू शकतो. जे विशेषत्वाने विचारले आहे, तेवढेच सांगण्याचे बंधन उमेदवारावर असते. परंतु सत्य सांगितले म्हणून नियुक्ती दिलीच पाहिजे, अशी सक्ती नियोक्त्यावर नाही.

मग मद्यपान करून वाहन चालविणे क्षुल्लक मानले जाईल काय? सैन्याच्या दृष्टीने पाहा. सैन्य अधिनियम, १९५० च्या कलम ४८ नुसार कर्तव्यावर असो वा नसो, नशेत आढळलेला अधिकारी लष्करी न्यायालयात दोषी ठरल्यास बडतर्फीपर्यंतच्या शिक्षेस पात्र होतो. ज्याच्या हाती जवानांचे प्राण सोपवायचे, त्याच्या संयमाची कसोटी कठोर असणे स्वाभाविक आहे. म्हणून या चुकीला हलके लेखू नका.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. अकरलॉफ, स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते असमान माहितीच्या अभ्यासासाठी. व्यवहारातील एका पक्षाला जे ठाऊक असते ते दुसऱ्याला नसते, तेव्हा विश्वासाचे मोल वाढते. निवड मंडळ उमेदवाराला काही दिवसच पाहते. त्याचे पूर्वायुष्य त्याला स्वतःला ठाऊक असते. अशा वेळी स्वतःच्या विरोधात जाणारी माहिती स्वतःहून देणे हा विश्वासार्हतेचा सबळ संकेत ठरतो. उलट, दडविलेली माहिती न्यायालयाच्या अभिलेखातून उघड झाली, की एका चुकीच्या दोन होतात. आणि दुसरी चूक तारुण्याच्या भरातली म्हणता येत नाही.

मी त्या विद्यार्थ्याला म्हणालो, ‘‘निकालपत्राची प्रमाणित प्रत मिळव. प्रश्न नीट वाचून विचारले तेवढे, पण संपूर्ण उत्तर दे. वकिलाचा सल्ला घे. पुन्हा असे वागू नकोस. आणि दुसऱ्या एखाद्या क्षेत्राचीही तयारी ठेव.’’

‘‘आणि खरे लिहूनही नाकारले तर?’’

‘‘तर एक संधी जाईल. खोटे लिहून मिळविलेले पद मात्र रुजू झाल्यावरही जाऊ शकते, आणि ते जाताना नावही घेऊन जाते.’’

त्याची निवड होईल किंवा नाही, हे मी सांगू शकत नाही. अर्जातील त्या रकान्यात काय लिहायचे, हे मात्र सर्वस्वी त्याच्या हाती आहे. अधिकारीपदाची त्याची पहिली परीक्षा तीच आहे.