थरांचा हिशेब आणि शेअरचा भाव



२२ डिसेंबर २०२० रोजी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात क्वांटमस्केप या कंपनीचा शेअर १३१ डॉलरच्या पुढे बंद झाला. ती बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता. त्या भावाने तिचं एकूण मोल फोर्डपेक्षा जास्त भरत होतं. फोर्ड वर्षाला लाखो गाड्या विकते. क्वांटमस्केपच्या बॅटऱ्यांची विक्री सुरूच झाली नव्हती, आणि विक्रीचा पैसा २०२४ च्या आधी येणार नाही, हे तिच्याच आराखड्यात लिहिलेलं होतं.

मग एवढा भाव लोकांनी कशासाठी दिला? निव्वळ हव्यास म्हणून हा प्रश्न झटकणं मला पटत नाही. ज्या कामावर पैसा लागला, ते काम खरोखरच मोठं आहे.

आजच्या लिथियम-आयन बॅटरीत ऋण टोकाला ग्रॅफाइट असतं, आणि चार्ज होताना लिथियम त्यात जाऊन बसतं. ग्रॅफाइट काढून तिथे लिथियम धातूच आणला, तर तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त वीज साठते. १९७० च्या दशकात एक्सॉन कंपनीत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी अशी बॅटरी बनवली होती. पण चार्ज होताना धातूचे बारीक तंतू वाढतात, मधला पडदा भेदतात, शॉर्ट सर्किट होतं आणि आग लागते. कॅनडाच्या मोली एनर्जीने लिथियम धातूच्या बॅटऱ्या बाजारात आणल्या. १९८९ मध्ये जपानमध्ये मोबाइल फोनमधल्या बॅटऱ्यांनी पेट घेतला आणि कंपनी बुडाली. दोन वर्षांनी सोनीने धातूऐवजी कार्बन वापरून वाट काढली. आपल्या खिशातला फोन त्याच वाटेने आला आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधनातून २०१० मध्ये उभ्या राहिलेल्या क्वांटमस्केपचं म्हणणं असं, की मधला पडदाच सिरॅमिकचा करू, म्हणजे तंतू अडतील. ८ डिसेंबर २०२० ला कंपनीने चाचण्यांचे आकडे मांडले. पंधरा मिनिटांत ऐंशी टक्के चार्ज! पाठीशी फोक्सवॅगन होतीच. भाव भडकला.

ते आकडे खरे मानले तरी ते एका थराच्या सेलचे होते, आणि कंपनीने हे लपवलंही नव्हतं. मोटारीत घालायचा सेल म्हणजे पत्त्यांचा जोड समजा. त्यातला एकच पत्ता तोवर तयार होता. चार थर, मग दहा थर, हा प्रवास २०२१ मध्ये झाला. चोवीस थरांचे नमुने मोटार कंपन्यांकडे गेले ते २०२२ सरताना. प्रत्येक वाढीव थर म्हणजे सिरॅमिकचा आणखी एक पातळ पापुद्रा, आणि त्यात एकही दोष चालत नाही. प्रयोगशाळेत असे दहा पापुद्रे निवडून काढता येतात. कारखान्यात ते लाखांनी काढायचे असतात, आणि तेही परवडतील अशा खर्चात. माझ्या मते सगळी कंपनी या एका कामात सामावलेली आहे.

बाजाराचं घड्याळ मात्र निराळं. ४ जानेवारी २०२१ ला हाच शेअर एका दिवसात सुमारे ४१ टक्के कोसळला. त्या दिवशी कुठली बॅटरी फुटली नव्हती. जुन्या भागधारकांचे कोट्यवधी शेअर विक्रीला खुले करणारी कागदपत्रं दाखल झाली होती, एवढंच. तोवर बाजारात फिरणारे शेअर थोडे आणि घेणारे फार, म्हणून भाव फुगला होता. त्यात रसायनशास्त्राचा वाटा किती आणि टंचाईचा किती, हे कुणी वेगळं करून पाहिलं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने पैसा उभारण्यासाठी नवे शेअर काढले, ते आठ डॉलरना एक.

हे सगळं आपल्याशी संबंधित आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत राहून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, त्यामुळे पुण्या-नाशिकचा नोकरदार आज मोबाइलवरून अमेरिकी शेअर घेतो. पुढच्या दिवाळीपर्यंत भाव कुठे जाईल, असं तो विचारतो. मला वाटतं, त्याने आधी दोन गोष्टी विचाराव्यात. हाती असलेली रोकड किती वर्षं पुरेल? ती संपत आली की नवे शेअर निघून आपला वाटा किती पातळ होईल? या दोन्हींची उत्तरं तिमाही अहवालात मिळतात.

बॅटरी चांगली असली तरी कंपनी टिकेलच असं नाही. एमआयटीतल्या संशोधनातून निघालेली ए१२३ सिस्टिम्स २००९ मध्ये साडेतेरा डॉलरच्या भावाने बाजारात आली आणि २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली.

क्वांटमस्केप अजून उभी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात तिच्या सेलवर चालणारी डुकाटीची मोटारसायकल लोकांनी पाहिली. संशोधकांनी पंधरा वर्षं खपून केलेलं ते काम पाहून मला मनापासून आनंद झाला. त्या दिवशी शेअर वीस डॉलरच्याही खाली होता.