धरण, दिवा आणि पाटी
(हीरक महोत्सवी समारंभातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



शाळेच्या हीरक महोत्सवात सरदार सरोवराविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु वडोदऱ्यातील मराठी शाळेला नर्मदेवरचे हे धरण परके नाही. त्याचा मुख्य कालवा आपल्या जिल्ह्यातून जातो. आणि त्याच्या जलाशयात ज्यांची घरे गेली, त्यांतील काही कुटुंबे महाराष्ट्रातून गुजरातमध्येच येऊन वसली आहेत.

धरणाचे मोठेपण निःसंशय आहे. ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंनी कोनशिला बसवली. पाणीवाटपाचा तंटा सोडवण्यासाठी १९६९ मध्ये लवाद नेमला गेला, १९७९ मध्ये त्याचा निवाडा आला, आणि १७ सप्टेंबर २०१७ रोजी धरण राष्ट्रार्पण झाले. १३८.६८ मीटर उंचीच्या या भिंतीने अडवलेले पाणी भूमिगत वीजगृहातील सहा जनित्रे फिरवते. त्यांची क्षमता १२०० मेगावॅट आहे. कालव्याच्या मुखाशी आणखी २५० मेगावॅटचे वीजगृह आहे. या विजेतील ५७ टक्के वाटा मध्य प्रदेशाचा, २७ टक्के महाराष्ट्राचा आणि १६ टक्के गुजरातचा. कच्छ-सौराष्ट्रातील तहानलेल्या गावांपर्यंत नर्मदेचे पाणी पोहोचले. जिच्या डोक्यावरचा हंडा त्यामुळे उतरला, त्या माउलीला धरणाची थोरवी समजावून सांगावी लागत नाही.

पण जमाखर्चाला दोन बाजू असतात. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावांना बुडिताची झळ बसली. मणिबेलीचे नाव त्यांत प्रथम घेतले जाते. तेथील भिल्ल आणि पावरा कुटुंबांसाठी नदी म्हणजे मासळी, गाळपेर, गुरांचे पाणी आणि पूर्वजांचे ठिकाण होते. त्यांपैकी काहींचे पुनर्वसन तळोदा-शहादा परिसरात झाले, तर काही राज्याची सीमा ओलांडून इकडे आली.

लवादाच्या निवाड्यात खातेदार कुटुंबाला किमान दोन हेक्टर ओलिताखालील जमीन देण्याची तरतूद आहे. दर पन्नास कुटुंबांमागे एक विहीर, दर शंभर कुटुंबांमागे तीन खोल्यांची एक प्राथमिक शाळा, असा हिशेबही आहे. शिक्षिका म्हणून माझे मन त्या तीन खोल्यांशी अडते. घरी भिलोरी किंवा पावरी बोलणारे मूल महाराष्ट्रात असताना मराठी पाटी गिरवत होते. सीमा ओलांडताच त्याच्यापुढे गुजराती पाटी आली. खोल्या मोजून देता येतात. मुलाच्या ओठांवरच्या भाषेची भरपाई कोणत्या मापाने करावी? खोऱ्यात नर्मदा बचाव आंदोलनाने ‘जीवनशाळा’ सुरू केल्या, तेथे मुलांच्या बोलीला वर्गात स्थान मिळाले. धरणाविषयी कोणाचे मत काहीही असो, ज्ञानाचा पहिला घास आईच्या भाषेत भरवावा, हे त्या शाळांनी ओळखले.

हे आपल्याला अधिक कळायला हवे. आपले पूर्वज गायकवाडांच्या राज्यात आले ते आपली भाषा सोबत घेऊन, आणि ती येथे नांदली. १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणाऱ्या सयाजीराव महाराजांची छाया आपल्यावर होती. परप्रांतात मातृभाषेची शाळा असणे हे केवढे भाग्य, याचा साठ वर्षांचा अनुभव आपल्या गाठीशी आहे. ज्यांना पाण्याने हलवले, त्यांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही.

म्हणून एक संकल्प आपल्यापुढे ठेवते. आपली सहल केवडियाला, म्हणजे आजच्या एकता नगरला, जातच असते. यंदापासून ती परतीच्या वाटेवर एखाद्या पुनर्वसन वसाहतीतही थांबेल. मुलांनी धरणाची उंची वहीत लिहावी, आणि त्याच पानावर वसाहतीतल्या सवंगड्यांकडून शिकलेले भिलोरीचे, पावरीचे दहा शब्दही लिहावेत. माजी विद्यार्थ्यांत अभियंते आहेत, वकील आहेत, शिक्षक आहेत. त्यांनी या उपक्रमाला हात द्यावा. पालकांनी मुले घरी परतल्यावर ते दहा शब्द आवर्जून विचारावेत.