स्टेअरिंग थरथरतं ते कधी, हे आधी सांगा

आम्ही ओतूरकडच्या एका बचत गटातल्या बाया. आमच्या गटाची एक जुनी पिकअप आहे. भाजी भरून ती रात्री माळशेज घाट उतरते आणि टोकावडे, मुरबाड करत कल्याणच्या मार्केटला पोचते. गाडी चालवायला आमच्यातल्याच दोघी शिकल्यात. मागच्या पावसाळ्यात त्या गाडीचं स्टेअरिंग थरथरायला लागलं. त्यापायी आम्ही काय काय केलं, कुठं फसलो आणि काय शिकलो, ते आज सांगतो.

सुरुवात साध्या रस्त्यावर झाली. वेग साठच्या पुढं गेला की हातातलं चाक बारीक कापायचं. चाळीसवर आणलं की शांत. आम्ही गाडी गॅरेजला नेली आणि म्हणालो, "दादा, स्टेअरिंग हलतंय." एवढंच सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, टायरॉड एंड गेलेत." दोन्ही बाजूंचे बदलले, वर अलाइनमेंटही केली. तीन हजारांच्या आसपास बिल झालं. आणि पुढच्या फेरीला साठच्या पुढं गाडी पुन्हा तशीच कापायला लागली. परत गेलो तर म्हणाला, "तुम्हाला तसं वाटतंय. गाडी जुनी आहे, आणि हात तुमचे नवीन आहेत."

हात नवीन असले तरी कापत होती ती गाडी. पण चूक थोडी आमचीही होती. पोटात दुखतंय म्हणून डॉक्टरकडं जायचं, आणि जेवणाआधी दुखतं की जेवणानंतर हे सांगायचंच नाही, तसं आमचं झालं. मग आम्ही गाडीत एक वही ठेवली. थरथर कोणत्या वेगाला येते, ब्रेकवर पाय असताना की नसताना, आणि हातात जाणवते की बुडाखाली सीटमध्ये, एवढं त्यात लिहायचं. हातात जाणवली तर बहुधा पुढच्या चाकांचं काम असतं, सीटमध्ये जाणवली तर मागच्या चाकांचं.

दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी ती वही वाचली आणि जॅकही न लावता आधी पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला हात घातला. रिमच्या आत शेताच्या वाटेवरचा चिखल वाळून ढेकूळ झाला होता. जात्याच्या एका बाजूला वजन बांधून फिरवलं तर ते कसं फिरेल? तसंच चाकाचं होतं. ब्रेकला पाय न लावता ठरावीक वेगाला, साधारण साठ ते नव्वदच्या दरम्यान, कापरं भरत असेल तर पहिला संशय चाकाच्या बॅलन्सवर घ्यायचा. रिमला लावलेली शिशाची छोटी वजनं पडली, खड्ड्यात आपटून रिम वाकली, टायरला फुगा आला, तरी असंच होतं. टायरवरून तळहात फिरवून बघायचा, उंचवटा हाताला कळतो. फुगा आलेला टायर मात्र एक फेरीसुद्धा चालवायचा नाही, तो फुटतो.

चिखल खरवडला, बॅलन्सिंग केलं. काही शे रुपयांत काम झालं. अलाइनमेंट ही वेगळी गोष्ट, बरं का. गाडी एका बाजूला ओढत असेल, टायर एका कडेनं झिजत असेल, तर ती करायची. गॅरेजवाले दोन्ही एका दमात सांगतात, म्हणून आपली गफलत होते.

जॅक लावून मिस्त्रींनी आणखी एक दाखवलं. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खडखडलं, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट बघायचा. आडवं, डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवलं आणि ढिलं लागलं, तर टायरॉड एंड. आमचे जुने टायरॉड एंड बहुतेक चांगलेच होते. आता ते भंगारात गेले, काय बोलायचं! तुम्ही करून बघाल तर जमीन सपाट हवी, बाकीच्या चाकांना दगड लावा, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणी शिरायचं नाही.

आम्हाला वाटलं, संपलं एकदाचं. महिनाभरानं घाट उतरताना ब्रेक दाबला, आणि स्टेअरिंग असं हादरलं की गाडी चालवणारीच्या कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. पायाखाली ब्रेकचं पेडलही धडधडत होतं. ब्रेक सोडला की सगळं शांत. शेजारी बसलेली म्हणाली, "परत चिखल असेल." पण वहीत लिहिलं तेव्हा कळलं, हे दुखणं वेगळं आहे. हे फक्त ब्रेकवर येतंय.

आमच्या गाडीला पुढं डिस्क ब्रेक आहेत, मागं ड्रम. ब्रेकवरच हादरत असेल तर संशय डिस्कवर घ्यायचा. लोखंडी तबकडी सगळीकडं सारखी जाड राहत नाही. फरक केसाहूनही कमी असतो, डोळ्याला दिसत नाही, पण पॅडला तो लागतो आणि तिथून स्टेअरिंगपर्यंत येतो. मिस्त्रींनी मापून दाखवलं. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते. त्याच्या वर जाडी शिल्लक असेल तर लेथवर साफ करून चालते, नाहीतर नवीनच घालायची. आमची एक डिस्क साफ झाली, एक बदलावी लागली.

हे झालं कशानं? मिस्त्रींनी दोन गोष्टी विचारल्या. पंक्चर काढल्यावर नट कसे आवळले? मशीननं, एकेक करून, जोर लावून. कमी-जास्त आवळले की डिस्क तिरकी बसू शकते. समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळायचे, शेवटी हातपान्यानं सारखे करायचे, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. दुसरं, घाट कसा उतरता? आम्ही खरं सांगितलं, ब्रेकवर पाय ठेवूनच. डिस्क तापून लाल व्हायची वेळ आणत होतो आम्ही. आता ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरतो. खाली पोचल्यावर तापलेल्या चाकावर पाणीही मारत नाही. हात न लावता जवळ नेऊन बघतो, एकच चाक जास्त तापलेलं असलं तर त्याचा ब्रेक अडकतोय असं समजतो.

थरथर एकदम सुरू झाली आणि वाढतच गेली, तर मार्केट गाठायची घाई नको. ॲक्सिलरेटर सोडा, हळूहळू बाजूला घ्या, आधी चाकाचे नट बघा. आमच्या ओळखीच्या एका गाडीचे तीन नट पडले होते, दोनावर गाडी चालली होती.

परवा पहिल्या गॅरेजवरून जात होतो. त्या दादानं हात करून विचारलं, "वहिनी, अजून हलतंय का?" आमच्या चालवणारीनं काच खाली केली, वही दाखवली आणि गाडी पुढं काढली.